पुडा बारीक झाला, मग केकचं माप कसं जुळवायचं?

दारव्हा तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे. बचत गटाच्या प्रशिक्षणात त्या काही वर्षांपूर्वी केक शिकल्या. वहीत सगळं ‘३ पुडे’, ‘१ डबा’, ‘१ पाकीट’ असंच लिहिलेलं आहे आणि आजही त्या तसंच करतात. पण बिस्किटांचा केक आता मधोमध बसतो आणि जरा खारट लागतो. डब्याच्या दुधाचा (आटवलेल्या गोड दुधाचा, म्हणजे कंडेन्स्ड मिल्कचा) केक चवीला बरा होतो, पण भांडं पहिल्यासारखं भरत नाही. दिवाळीत भट्टीवर नेलेली नानखटाई टणक आली. ‘माझा हात बिघडला की सामान?’ असं त्या विचारतात. शिवाय रविवारच्या अर्ध्या-अर्ध्या किलोच्या दोन ऑर्डरी आहेत. त्या दुधाच्या एका डब्यात निघतील का, हेही त्यांना हवं आहे.

ताई, हात बिघडला नाही. तुमच्या वहीतला पुडा आणि आज दुकानात मिळणारा पुडा, दोघांची वजनं वेगळी आहेत. भाव तोच दिसावा म्हणून आतला माल कमी होत गेला. ५ आणि १० रुपयांच्या पुड्यांत हे सगळ्यात जास्त झालं, कारण तो आकडा वाढला की खेड्यातलं गिऱ्हाईक लगेच हात आखडतं. चहासोबत खायला दोन बिस्किटं कमी पडली तर कोणाच्या लक्षात येत नाही. केक मात्र प्रमाणावर उभा असतो, तो लगेच बोलतो.

यामागे नियमातला एक बदलही आहे. पूर्वी बिस्किटं, ब्रेड, लोणी, खाद्यतेल, दूध पावडर, मीठ अशा वस्तू ठरावीक वजनांतच बांधून विकायच्या, अशी यादी वजनमापाच्या नियमांत होती. २०२१ साली केंद्र सरकारने ती यादी काढून टाकायचं ठरवलं आणि त्याऐवजी पुड्यावर दर ग्रॅमला किंवा दर किलोला किती रुपये पडतात ते छापणं बंधनकारक केलं. म्हणून आता ‘अर्ध्या किलोचं पाकीट’ म्हणून हातात येतं ते ४५० चंही असू शकतं आणि ४७५ चंही. त्यात काही बेकायदा नाही, पुड्यावर खरं वजन छापलेलं असलं म्हणजे झालं. वजनं नेहमी खालीच जातात असंही नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये बिस्किटांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा काही कंपन्यांनी छोट्या पुड्यांचा भाव न उतरवता आतलं वजन वाढवलं. म्हणजे एकदा जुळवलेला ‘३ पुडे’ हा हिशोब सहा महिन्यांनी उलट्या दिशेनेही चुकू शकतो. म्हणूनच मी सगळ्या गटांतल्या बायांना आग्रहाने सांगते, की वहीत पुडा हा शब्द ठेवूच नका. तिथं ग्रॅम लिहा. हे काम एकदाच करावं लागतं.

आता तुमचा बिस्किटांचा केक पाहू. सगळ्यात जास्त बिघडणारा तोच आहे आणि गावोगावी सगळ्यात जास्त होतोही तोच. समजा, तुम्ही शिकलात तेव्हा तो पुडा १०० ग्रॅमचा होता. ३ पुडे म्हणजे ३०० ग्रॅम बिस्किटं, त्याला दीड कप म्हणजे ३६० मिली दूध आणि ५ ग्रॅमची इनोची एक पुडी. आज तो पुडा ८० ग्रॅमचा झाला असेल, तर ३ पुड्यांत २४० ग्रॅमच बिस्किटं आली. दूध तुम्ही कपाने मोजता, ते तेवढंच राहिलं. इनोची पुडीही ५ ग्रॅमचीच राहिली. म्हणजे बिस्किटं पाचव्या हिश्श्याने घटली आणि त्यांना फुगवणारा खार होता तेवढाच राहिला. पीठ पातळ झालं, बुडबुडे जास्त झाले, केक भराभर वर आला आणि त्याला धरून ठेवायला आत काही नसल्यामुळे खाली बसला. खारट चवही तिथूनच आली. बिस्किटांतला मैदा आधीच एकदा भाजलेला असतो. कच्च्या मैद्यासारखी पकड तो धरत नाही, म्हणून या केकला चुकीची माफी फार कमी आहे.

पुडे आकसतात हा अर्धाच त्रास. उरलेला अर्धा ज्या गोष्टी आकसत नाहीत त्यांच्यामुळे होतो. खायचा सोडा, बेकिंग पावडर, इनो, अंडी, दुधाचा कप आणि तुमचं केकचं भांडं, ही सगळी जुन्याच मापाची राहतात. रेसिपी फिसकटली की आधी यांच्याकडे बघा.

बिस्किटांच्या केकला दोन उपाय आहेत. पहिला सोपा: ४ पुडे आणा, त्यातली ३०० ग्रॅम बिस्किटं मोजून घ्या आणि उरलेली तीन-चार पोरांना द्या. बाकी काही बदलू नका. दुसरा, पैसे जास्त घालायचे नसतील तेव्हाचा: २४० ला ३०० ने भागा, ०.८ येतात. आता प्रत्येक जिन्नस ०.८ ने गुणा. दूध ३६० चं २९० मिली होईल. इनो ५ ग्रॅमचं ४ ग्रॅम, म्हणजे पुडी ताटलीत ओतून सुरीने पाच सारखे भाग करायचे आणि एक भाग बाजूला सारायचा. नीट दिसतं, काट्याचीही गरज पडत नाही. इनोला पाणी लागलं की ते लगेच उसळतं, म्हणून कुकर आधी तापलेला हवा आणि इनो टाकल्यावर फोनसुद्धा उचलायचा नाही.

भांडंही बदलायला लागेल. गोल भांड्याचा हिशोब व्यासाच्या वर्गाने होतो. ८ इंची भांडं म्हणजे ६४, ७ इंची म्हणजे ४९. ४९ ला ६४ ने भागलं तर पाऊणच्या किंचित वर येतं. म्हणजे सगळं ०.८ ने कमी केलं असेल, तर ८ इंचाऐवजी ७ इंची भांडं जवळजवळ बरोबर बसतं आणि केकची उंची पूर्वीइतकीच राहते. नवं भांडं घ्यायची गरज नाही. घरातला जर्मनचा गंज किंवा सपाट बुडाचा स्टीलचा डबाही चालतो, पट्टीने आतला व्यास मोजला म्हणजे झालं. मोठंच भांडं वापरलंत तर थर पातळ होईल आणि लवकर कोरडा पडेल, तेव्हा नेहमीच्या वेळेच्या आठ-दहा मिनिटं आधीच काडी टोचून पाहा.

डब्याच्या दुधाचं गणित सौम्य आहे. जुन्या पाककृती ४०० ग्रॅमच्या डब्यावर बेतलेल्या असतात. त्यासोबत साधारण २५० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम लोणी, २०० मिली दूध, २ छोटे चमचे बेकिंग पावडर आणि अर्धा छोटा चमचा सोडा असतो. आज हातात ३८० चा डबा आला तर २० ग्रॅम कमी पडले, म्हणजे ५ टक्के. एवढ्याने केक बिघडत नाही. भरल्यासारखा वाटत नाही तो एवढ्यानेच, आणि लोण्याचं पाकीटही कमी वजनाचं आलं असेल तर त्यानेही. तुटलेले २० ग्रॅम भरून काढायचे तर २ छोटे चमचे साखर, २ छोटे चमचे दूध पावडर आणि १ छोटा चमचा पाणी एकत्र घोटून घाला. या दुधात निम्म्याहून थोडी कमी वरून घातलेली साखर असते आणि बाकी आटलेलं दूध, म्हणून ही भर चपखल बसते.

मी स्वतः अशी रेघ मारते: तूट ५ टक्क्यांपर्यंत असेल तर हात लावत नाही. ५ ते १० टक्के असेल तर तीच वस्तू थोडी वरून घालते. १० च्या पुढे गेली की सगळी रेसिपी त्या प्रमाणात खाली आणते. सोडा आणि इनो यांना मात्र ही सूट नाही, ते नेहमी मोजूनच.

लोणी कमी पडलं तर गावात दुसरं पाकीट मिळेलच असं नाही. मग तेलाने भरा, पण तोलास तोल नको. विकतच्या लोण्यात साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो, बाकी पाणी आणि मीठ. २० ग्रॅम लोणी कमी असेल तर १६ ग्रॅम तेल, म्हणजे साडेतीन छोटे चमचे, आणि वर अर्धा-पाऊण छोटा चमचा दूध. तेल वास नसलेलं घ्या. आपल्याकडचं घाणीचं शेंगदाणा तेल मला जेवणात फार आवडतं, पण व्हॅनिलाच्या केकमध्ये ते पुढे पुढे येतं. नानखटाईत लोण्याऐवजी तेल घालू नका. तिथं गोठणारं तूपच हवं.

नानखटाई टणक का आली ते आता सांगते. भट्टीवाल्याला लगेच दोष देऊ नका, आधी तुपाच्या पाकिटावरचं बारीक अक्षर वाचा. घरोघरी हिशोब असा असतो: २ किलो मैदा, १ किलो पिठी साखर, १ किलोचं वनस्पती तुपाचं पाकीट. पण दुकानात ‘किलोचं’ म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा लिटरचं असतं. १ लिटर तूप किंवा वनस्पती म्हणजे ९०० ग्रॅमच्या आसपासच वजन. त्यातही पाकीट त्याहून छोटं निघालं तर तूट आणखी वाढते. १०० ग्रॅम तूप कमी पडलं की २ किलो मैद्याची नानखटाई खुसखुशीत होत नाही. पीठ हातात भुरभुरतं, वळताना कडा फुटतात, मग बाई दुधाचा हात लावून ते वळते, आणि त्या दुधानेच ती आणखी टणक होते. भट्टीवर डबे घेऊन गेलेल्या बायांची रांग लागलेली असते, तिथं उभं राहून हे दुरुस्त होत नाही. घरीच तूप तोला. १ किलो भरत नसेल तर घरचं तूप घालून भरा, नाहीतर मैदा आणि साखर त्या बेताने काढून ठेवा. ९०० ग्रॅम तूप असेल तर मैदा १ किलो ८०० ग्रॅम आणि साखर ९०० ग्रॅम, एवढं सोपं आहे.

तेलाचंही हेच. १ लिटर म्हणजे साधारण ९१० ग्रॅम, उलट १०० ग्रॅम तेल म्हणजे ११० मिली. रेसिपी मिलीत आणि पाकीट ग्रॅमात असेल तर हे दोन आकडे पुरतात. तेल तापलं की पसरतं, त्यामुळे जास्त तापमानाला मोजलेल्या लिटरात माल कमी बसतो. काही पाकिटांवर ‘६० अंशाला १ लिटर’ अशा धर्तीचं छापलेलं असायचं. सोयाबीन तेलाचं १ लिटर २१ अंशाला ९१९ ग्रॅम भरतं आणि ६० अंशाला ८९३ च्या आतबाहेर. म्हणून २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने तेल कंपन्यांना तापमानाचा उल्लेख काढून लिटरसोबत वजनही छापायला सांगितलं. तेव्हा तेलाच्या पाकिटावर ग्रॅमचा आकडा शोधा, तो फसवत नाही.

जुन्या पुड्याचं वजन कुठून शोधायचं, हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो. बहुतेकींच्या घरात त्याचं उत्तर फळीवरच असतं. दुधाचा रिकामा डबा कोणी टाकत नाही, त्यात जिरं-मोहरी नाहीतर लवंगा भरलेल्या असतात. तो खाली घ्या, बाहेरून पुसा, निव्वळ वजन वाचा. कोकोचा जुना डबा, बेकिंग पावडरची बाटली, तुपाची बरणी, सगळ्यांवर ते असतं. बिस्किटाचं कागद मात्र राहत नाही. तिथं उलटीकडून यायचं. बिस्किटांच्या केकला १०० ग्रॅम बिस्किटांमागे साधारण १२० मिली दूध लागतं. वहीत दूध ३६० मिली लिहिलेलं असेल तर बिस्किटं ३०० ग्रॅम असणार. तुमचा कप मात्र कोणता ते बघा. पुस्तकातला कप २४० मिलीचा, घरातला चहाचा कप १५० पर्यंतही असतो.

वजनकाटा घ्याच. बचत गटाने मिळून एक घेतला तरी चालतो. तो खरा आहे का हे १० रुपयांच्या नाण्यांनी तपासता येतं. एक नाणं पावणेआठ ग्रॅमच्या जवळपास असतं, १३ नाणी ठेवली की १०० ग्रॅम दिसायला हवेत. आपल्याकडे काही दुकानदार ही नाणी घ्यायला कुरकुरतात, त्यामुळे घरात ती साचलेली असतात, त्यांचा हा उपयोग करा. ५ रुपयांची नाणी यासाठी नको, ती वेगवेगळ्या वजनांची आहेत. काटा मिळेपर्यंत किराणा दुकानात सुटा मैदा बरोबर २५० ग्रॅम तोलून घ्या, घरी एका उभ्या पेल्यात न दाबता भरा आणि बाहेरून रेघ मारा. साखरेसाठी वेगळी रेघ लागेल, कारण एकाच कपात मैदा १२५ ग्रॅम बसतो आणि साखर २००.

अंड्यांचं थोडक्यात: गावरान अंडं लहान असतं, कवचासकट ४० ग्रॅमच्या आसपास, फार्मचं ५० ते ५५. रेसिपीत ३ अंडी असतील तर गावरान ४ फोडा. आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो तेव्हा ‘लोणी बाहेरच्या तापमानाला आणा’ ही ओळ विसरून जा. फ्रिजमधून काढून बोट दाबल्यावर खळगा पडला की लगेच साखरेसोबत फेटायला घ्या, आणखी थांबलात तर हातात तूप येईल. त्याच दिवसांत मैदाही कोरडा पडतो, एखाद-दोन चमचे दूध जास्त मागतो. कणकेचा केक करत असाल तर त्याहून जास्त.

दुकानात दोन पुड्यांतला कोणता घ्यायचा हे ठरवताना भाव बघू नका, छापलेला दर ग्रॅमचा भाव बघा. मोठा पुडा नेहमी स्वस्त पडतो असं नाही. पण कोकोसारखी महिनोन्‌महिने पडून राहणारी वस्तू दोन पैसे महाग पडली तरी छोटीच घ्या, असं माझं मत आहे. आपल्या पावसाळ्यात उघडा पुडा गाठी धरतो. छापलेल्यापेक्षा माल कमी भरला तर थोडा फरक नियमात माफ असतो, ५०० ग्रॅमला १५ ग्रॅमपर्यंत. त्याहून जास्त तूट दिसली तर पुडा न फोडता ठेवा आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर सांगा. फोडल्यावर काही सिद्ध करता येत नाही.

भावाबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते. पुडे आकसले म्हणून आपला केक आकसू देऊ नका. अर्धा किलो म्हणून ऑर्डर घेतली तर तयार केक काट्यावर ५०० ग्रॅम भरला पाहिजे. खर्च वाढला असेल तर २० रुपये जास्त सांगा आणि कारणही सांगा. गावात प्रत्येकाच्या घरी तोच बारीक झालेला पुडा येतो, लोकांना ते पटतं.

आता रविवारच्या दोन ऑर्डरी. ३८० च्या डब्यासोबत सगळं ५ टक्के कमी धरा: मैदा २३७ ग्रॅम, लोणी ९५, दूध १९०. मिळून ९१० ग्रॅमच्या आसपास पीठ होतं आणि भाजताना त्यातलं दहावा हिस्सा पाणी उडून जातं. हातात ८२० ग्रॅम केक राहतो. गिऱ्हाइकाला क्रीमचा केक हवा असेल, तर अर्ध्या किलोत आतला केक ३०० ग्रॅम आणि क्रीम २०० ग्रॅम असतं. दोन्ही ऑर्डरी एका डब्यात आरामात निघतील, वर २०० ग्रॅम उरेल. ६ इंची दोन भांडी घ्या. दोन्ही कुकरमध्ये एका वेळी बसणार नाहीत, तेव्हा सगळं पीठ एकदम कालवून ठेवू नका. कोरडं आणि ओलं वेगवेगळं ठेवा, दोन्हीचे काट्यावर सारखे दोन भाग करा आणि पहिला केक बाहेर आला की दुसरा कालवा. कालवलेलं पीठ तासभर पडून राहिलं तर सोड्याचा जोर निघून जातो आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला चपटा केक मिळतो.

साधा, बिनक्रीमचा केक हवा असेल तर मात्र एक डबा पुरणार नाही. दोन्हींना मिळून तयार १ किलो केक लागेल, म्हणजे डब्याचं दूध ४६५ ग्रॅम, मैदा २९० ग्रॅम, लोणी ११५ ग्रॅम, साधं दूध २३० मिली, बेकिंग पावडर सव्वादोन छोटे चमचे आणि सोडा अर्ध्या छोट्या चमच्याच्या किंचित वर. दुसरा डबा फोडून त्यातलं ८५ ग्रॅमच घ्या. उरलेलं डब्यात ठेवू नका, काचेच्या कोरड्या बरणीत काढून फ्रिजमध्ये ठेवा आणि बरणीवर तारखेसोबत उरलेले ग्रॅम लिहून चिकटवा. आठवडाभरात ते खिरीत नाहीतर पुढच्या ऑर्डरीत संपवा.